अख्ख्या नूडल्स

मामाने शिजलेल्या नूडल्सवर कात्री चालवायला सुरुवात केली, तेव्हा मामीच्या हातातलं गाजर हातातच राहिलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"आखूड करतोय."

"आखूड म्हणजे किती? मुंग्यांना जेवायला बोलावलंय का?"

"तू गाजर किस."

"किसू? किसलेलं गाजर म्हणजे गाजराचा अपमान, असं तुम्हीच म्हणता ना?"

"आज किस."

मामीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी कोबी चिरत होते. एरवी मामा कोबीचे मोठाले चौकोन मागतो, शिरांसकट. आज त्याने शिरा काढून टाकायला लावल्या होत्या आणि पानं आडवी, अगदी बारीक चिरायला सांगितलं होतं. चिकनचे तुकडे तर त्याने आधीच उकडून बोटांनी कुस्करून ठेवले होते. ओट्यावर जे काही मांडलं होतं, ते जेवण कमी आणि आजाऱ्याचं पथ्य जास्त वाटत होतं.

खरं तर याकिसोबा करताना मामा कुणालाही उलथन्याला हात लावू देत नाही. याकिसोबा म्हणजे जपानी पद्धतीने परतलेल्या नूडल्स. सोबा म्हणजे कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या नूडल्स. पण याकिसोब्यातल्या नूडल्स मात्र साध्या गव्हाच्या असतात. हे मी कुठेतरी वाचून मोठ्या उत्साहाने मामाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "नावाचं काय घेऊन बसलीस? तवा तापला का ते बघ."

मामा कवळ्या बनवतो. घराच्या मागच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप पाठवतात. मामा त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, मेणात दात बसवतो, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून साचा पाण्यात हळूहळू तापवतो. घाईने तापवला, तर प्लास्टिकच्या आत बुडबुडे राहतात आणि कवळी तिथेच चिरते. मी रसायनशास्त्र शिकलेय, त्यामुळे हे बुडबुडे कुठून येतात ते मला माहीत आहे. मामालाही माहीत आहे. त्यावर आमच्या भरपूर गप्पा होतात, आणि मामी कंटाळून टीव्ही मोठा करते. मग मामा टीव्हीकडे बघतो आणि बातम्या देणाऱ्या बाईंबद्दल म्हणतो, "वरचे चार खोटे आहेत. पण छान बसवलेत."

त्याच्या धंद्यातले लोक त्याला बत्तीशी म्हणतात. "बत्तीशी आहे का घरात?" असं फोनवर विचारतात. पण ज्यांच्यासाठी तो इतकी वर्षं खपला, त्यांच्यापैकी एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. माप येतं, कवळी जाते. चांगली बसली तर फोन येत नाही. मामाच्या कामाचं कौतुक म्हणजे न वाजलेला फोन.

याकिसोबा त्याला मिळाला तोही या धंद्यातच. शिकाऊ असताना त्याच्या मालकांकडे एक जपानी कारागीर शिकवायला आला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मेण वितळवायच्या शेगडीवर तो माणूस दुपारी नूडल्स परतायचा. मग एक नूडल तोंडात धरून पुढच्या दाताकडे बोट दाखवायचा, कोबी चावून दाढेकडे दाखवायचा. मामाने त्यातून अर्थ काढला तो असा, की दात ही शोभेची वस्तू नाही, हत्यारांची पेटी आहे. तुकडा पाडणारं वेगळं, दळणारं वेगळं. आणि या सगळ्यांना एकाच वेळी काम देणारा दुसरा पदार्थ नाही. त्या कारागिराला खरोखर हेच म्हणायचं होतं, की बिचाऱ्याला नुसती भूक लागली होती, हे मामा अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एखादी अवघड कवळी हातावेगळी झाली की तो याकिसोबा करतो, आणि आम्ही सगळे जरा जास्तच लक्ष देऊन चावतो.

यावेळची कवळी मात्र बाहेर गेलेली नव्हती. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

म्हणजे मावशी बसली होती. मामाची थोरली बहीण. मोठ्या इस्पितळात ती मेट्रन होती. तिच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातले पेशंट आपोआप सरळ झोपायचे, असं आई सांगते. त्या वॉर्डात पेशंटच्या उशाशी पाण्याच्या पेल्यात ठेवलेल्या कवळ्या मावशीने जन्मभर पाहिल्या, धुतल्या, हरवल्या तर गादीखालून शोधून काढल्या. आपलं बोळकं आणि आपला पेला कुणाच्या नजरेला पडू नये, एवढीच तिची इच्छा होती.

तिच्या गावात तिने आधी दोन कवळ्या करून घेतल्या होत्या. दोन्ही दिसायला बऱ्या. पण चावायला गेलं की उचलल्या जायच्या. म्हणून मावशीने एक व्यवस्था लावून घेतली. चारचौघांत बसताना दात घालायचे, आणि जेवायच्या वेळी ताट घेऊन खोलीत जायचं, दार लावायचं, दात काढायचे, मग जेवायचं. जेवणही काय, तर सूप आणि कुस्करलेला भात. तिच्या सुनेला वाटलं, सासूबाईंना आमच्या पंगतीला बसायला कमीपणा वाटतो. मुलाला वाटलं, आई कशावरून तरी रागावली आहे. मावशीने दोघांचाही गैरसमज होऊ दिला. माणसांनी आपल्याला गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालत होतं.

मामाने तिचे दात खोटे आहेत हे त्यानंतरच्या पहिल्याच भेटीत ओळखलं होतं, ते बसत नाहीत हेही. पण तो बोलला नाही. ताई स्वतः बोलेपर्यंत हा विषय त्याचा नव्हता. शेवटी तिचाच फोन आला. "तुझ्याकडे एक काम आहे," एवढंच म्हणाली. ती आली तेव्हा तिच्या ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. पहिल्या दिवशीच तिने बजावलं, "हे तिसरं आणि शेवटचं. नाही बसली तर विषय संपला. मग मला दारामागे सुखाने जेवू द्यायचं."

मामाने त्या कवळीवर जेवढा वेळ घालवला, तेवढा मी त्याला कशावरही घालवताना पाहिलं नाही. वरच्या डाव्या बाजूचा एक दात त्याने मुद्दाम किंचित तिरका बसवला. मावशीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, चूक झाली. त्यांनी परत पाठवली. मामाने तशीच पुन्हा पाठवली आणि फोनवर म्हणाला, "तो तसाच होता. मी लहानपणापासून बघतोय."

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी ती बसवून दिली. आणि सांगितलं, सुरुवातीला मऊ खा, बारीक तुकडे करून खा. म्हणून ही कात्री.

मामाने ताटं वाढून आणली. आमच्या ताटांतही तोच भुगा होता. बहिणीला वेगळं वाढलं असं वाटू नये म्हणून. मावशी दात घालून, पाठ ताठ ठेवून बसली होती. कितीतरी दिवसांनी ती जेवणासमोर चारचौघांत बसली होती. तिने काटा हातात घेतला. काट्याने नूडल्सचे तुकडे जरा बाजूला सारले, खालचं किसलेलं गाजर पाहिलं, कोबी पाहिला.

"हे काय आहे?"

"याकिसोबा," मामा म्हणाला.

"याकिसोबा मी तुझ्या हातचा खाल्लेला आहे. हे काय आहे?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ताई, की मऊ आणि..."

"त्यांनी त्यांचं काम केलं. मी तुला विचारतेय. या दातांनी नूडल तुटते की नाही?"

मामा आपल्या ताटाजवळचा काटा सरळ करू लागला.

"तुटते की नाही?"

"तुटायला हवी."

"हवी म्हणजे? बनवलेत कुणी?" मावशीने काटा खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता. मेट्रनबाईंना आवाज चढवावा लागत नसणार. "तुझाच भरवसा नाही तुझ्या दातांवर. मग मी कशाच्या जोरावर ठेवू?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. पहिल्या दोन कारागिरांनी निदान कवळी फसणार असं आधीच धरलं नव्हतं."

ती उठली. ताट उचललं. आणि नेहमीसारखी खोलीत गेली. दार लागलं.

मामाचे कान लाल झाले होते. मला वाटलं, तो चिडलाय. थोडासा चिडला होताही. "एवढे दोन महिने मान मोडून..." असं काहीतरी पुटपुटला. मग त्याने आपल्या ताटातला एक घास खाल्ला, सावकाश, सवयीप्रमाणे लक्ष देऊन. आणि चावता चावता थांबला. त्या घासात चावण्यासारखं काही नव्हतंच.

तो उठून दारापाशी गेला.

"ताई."

त्याने दारावर हलकेच टकटक केलं.

"ताई, दात काढलेस का?"

"अजून नाही."

"काढू नकोस. मी परत करतो. पहिल्यापासून."

"आणि कात्री?"

"कात्री नाही."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठली की बसली, ते कळलं नाही.

स्वयंपाकघरात येताच मामा एकदम नेहमीचा मामा झाला. दुसरं पाकीट फोडलं, पाणी उकळायला ठेवलं. "कोबी घे. चौकोनी. शिरा राहू देत."

"शिरासुद्धा?" मी विचारलं. "पहिल्याच दिवशी?"

"शिरांसाठीच तर दाढा आहेत." मग मामीकडे वळून म्हणाला, "आणि तू गाजर..."

"कळलं हो," मामी म्हणाली. "गाजराची अब्रू परत द्यायची."

नूडल्स जरा कच्च्या असतानाच त्याने उतरवल्या, गार पाण्याखाली धरून चोळून धुतल्या. वरचा चिकट स्टार्च धुतला गेला नाही, तर तव्यावर त्यांचा लगदा होतो. पाणी निथळू दिलं, थोडं तेल चोळलं. लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवला, नूडल्स पसरल्या आणि हात मागे घेतला. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, माझाही सुटतो, ढवळावंसं वाटतं. पण नूडल्समध्ये पाणी आहे तोवर त्या उकळत्या पाण्याहून जास्त तापू शकत नाहीत. तव्याला टेकलेल्या बाजूचं पाणी आधी उडून जावं लागतं, मगच ती बाजू तांबूस होते आणि भाजल्याचा वास सुटतो. मामा तव्याचा आवाज ऐकत उभा होता. चुरचुर दमदार होती ती कोरडी, बारीक झाली, तसा त्याने उलथनं घातलं आणि सगळा थर एकदम उलटला. खालून जाळीदार, खरपूस.

त्या काढून ठेवल्या. मग चिकनच्या लांब पट्ट्या, कांदा, गाजराच्या चकत्या, शेवटी कोबी. मोठ्या आचेवर, कोबीचा कुरकुरीतपणा जाणार नाही इतकंच. नूडल्स परत तव्यात. वूस्टर सॉस, सोया सॉस, थोडं केचप, चिमूटभर साखर असं वाटीत कालवलेलं त्याने वरून ओतलं नाही. तव्याच्या कडेने फिरवलं. कडेवर सॉस चरचरला, साखर जळायच्या बेतात आली आणि घरभर तो आंबट-गोड, करपट वास पसरला.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मामीने हळूच विचारलं.

"वाटते ना."

"मग?"

"मग काय? आता वाढायचं."

खोलीचं दार उघडलं होतं. मावशी आपण होऊन बाहेर आली होती. दात तोंडात होते. मघाचं ताट तिने जसंच्या तसं ओट्यावर ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

मामाने तिच्यासमोर नवं ताट ठेवलं. नूडल्स चकाकत होत्या, ताटाच्या कडेवरून ओघळत होत्या. व्हिनेगरमध्ये मुरवलेलं आलं त्याने वर घातलं.

"पुढच्या दातांनी ओढू नकोस," तो म्हणाला. "ओढलंस तर मागून उचलली जाईल. इथे, कोपऱ्यातल्या दाताने पकड. घास दोन्हीकडे थोडा थोडा घे."

"मी वॉर्डात शेकडो लोकांना हेच सांगितलंय."

"सांगितलंयस. केलेलं नाहीस."

मावशीने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली, की मी पेशंट असते तर सरळ झोपले असते. मग तिने काट्यावर नूडल्स गुंडाळल्या. सगळ्या गुंडाळल्या गेल्या नाहीत. एक लांब नूडल खाली लोंबत राहिली. घास तोंडात गेला. लोंबणारी नूडल ओठांतून हनुवटीपर्यंत आलेली. ती ओढून घेता आली असती. मावशीने घेतली नाही. तिने जबडा किंचित डावीकडे नेला, तिरक्या दाताकडे, आणि मिटला.

नूडलचं टोक ताटात पडलं.

मामी माझ्याकडे बघत होती, मी मावशीकडे, आणि मामा त्या पडलेल्या टोकाकडे. तो वाकून बघत होता. टोक चेंगरलेलं नव्हतं. सरळ तुटलं होतं.

मग कोबीचा आवाज आला. खरंच आला, टेबलाच्या या टोकाला मला ऐकू आला. मावशी चावत होती. सावकाश, जरा घाबरत, गालावर एक बोट टेकवून, जणू आत काय चाललंय ते बाहेरून तपासत होती. तिने गिळलं. दुसरा घास घेतला. गाजराची चकती. चिकनची पट्टी तिला जरा वेळ पुरली, तेव्हा मामाचेही जबडे नकळत हलायला लागले.

"तू का चावतोयस?" मावशीने विचारलं. "तुझं ताट तर भरलेलं आहे."

"चांगलं झालंय का?"

"मीठ कमी आहे."

मामीने मीठ पुढे सरकवलं आणि तोंड वळवून डोळे पुसले. "कांदा," ती मला म्हणाली. कांदा कधीच शिजला होता.

निम्मं ताट संपलं असेल. मावशीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. तिने पुढचा घास काट्यावर घेतला, पण उचलला नाही.

"कुठे?" मामाने विचारलं.

"काही नाही."

"ताई, कुठे लागतंय?"

"लागत नाही म्हटलं ना. पोट भरलं."

"पहिल्या जेवणाला लागणारच. रंगीत कागद चावून दात जुळतात का ते कळतं, खरं लागतं ते खाल्ल्यावरच कळतं. मला ते बघावं लागेल. आत्ताच, लाल झालेलं आहे तोवर. दोन्ही काढून दे."

मामाला आपण काय मागितलं ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. तो घाईघाईने म्हणाला, "खोलीत चल हवं तर. किंवा ह्या दोघी जातील बाहेर."

मी खुर्ची मागे सरकवली. मामीही अर्धवट उठली.

मावशीने खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग ताटात उरलेल्या नूडल्सकडे पाहिलं. ती काय ठरवत होती ते मला माहीत नाही. त्या वेळी तिच्याकडे बघू नये एवढं मात्र कळत होतं, आणि तरी मी बघितलं.

"बसा गं," ती म्हणाली. "ताटावरून उठू नये मधेच."

तिने अंगठा आत घालून आधी खालची कवळी काढली, मग वरची. सराईत हात होता. दोन्ही एका बशीत ठेवल्या. दातांच्या फटीत कोबीचा हिरवा तुकडा अडकला होता. तिचे गाल आत गेले, हनुवटी नाकाकडे सरकली, ओठ दुमडून आत वळले. क्षणभर ती मला ओळखूच आली नाही. मग डोळ्यांवरून ओळखू आली.

"आ कर," मामा म्हणाला.

त्याने विजेरी धरली आणि आत पाहिलं. प्लास्टरमध्ये ज्या हिरड्या त्याने इतके दिवस बोटांनी चाचपल्या होत्या, त्या ओल्या, गुलाबी, जिवंत अशा पहिल्यांदाच त्याच्यासमोर होत्या. उजवीकडे खाली एक लाल ठिपका होता. त्याने त्यावर जांभळ्या पेन्सिलीची खूण केली, खालची कवळी हलकेच बसवली, दाबली, काढली. जांभळा ठिपका प्लास्टिकवर उमटला होता.

"एवढंच आहे," तो म्हणाला. "एवढंच घासायचंय."

बशी घेऊन तो मागच्या खोलीत गेला. छोट्या मोटरचा बारीक घर्रर्र आवाज सुरू झाला.

आम्ही दोघी काटे हातात धरून तशाच बसलो होतो. मावशीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुम्ही का थांबलात? जेवा." शब्द हवेने भरलेले होते, ओठांशी येऊन विरघळत होते, पण हुकूम हुकूमच होता. मग तिने मागच्या खोलीकडे मान वळवून आवाज दिला, "आणि तू जास्त घासू नकोस रे. मला अजून घ्यायचंय."

मामीने तवा आणून उरलेला याकिसोबा तिच्या ताटात वाढला. मावशीने ताट जवळ ओढून घेतलं, काटा सरळ केला, आणि मोकळ्या तोंडाने, दिव्याच्या उजेडात, आमच्यासमोर, दातांची वाट बघत बसली.